गार बॉनेट

मधुसूदन आगाशे गेले त्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता, आणि त्यांनी तो एका गाडीखाली उताणं पडून घालवला.

'घालवला' हा सावनीचा शब्द. बाबा 'सत्कारणी लावला' म्हणाले असते. ते विमा कंपनीत सर्व्हेयर म्हणून मस्कतला आले तेव्हा सावनी दुसरीत होती. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक खरं बोलतोय की बनवतोय ते ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर काम सुटलं, नजर सुटली नाही. जुन्या अमेरिकन गाड्यांचे शौकीन मस्कतमध्ये बरेच. त्यातल्या कुणी नवी 'जुनी' गाडी आणली की मधुसाबना बोलावणं यायचं. बाबा एक पैसा घेत नसत. बघायचे, जे असेल ते तोंडावर सांगायचे आणि चहा पिऊन निघायचे. चहा पुष्कळदा थंड व्हायचा, कारण बाबांचं सांगून झालं की मालकाला बिस्किटं पुढे करायचं भान राहत नसे.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा आता अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये लेकीच्या व्हिसावर राहत होते, आणि ही गोष्ट त्यांनी आपण होऊन कुणाला सांगितलेली नव्हती. बायपासनंतर डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती. त्यामुळे शाळेच्या ग्रंथालयात आठवडाभर पुस्तकं लावून दमलेल्या सावनीची शुक्रवारची, सुट्टीची सकाळ गाला या कारखानी भागातल्या एखाद्या गॅरेजात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पुस्तक घेऊन बसण्यात जायची.

त्या शुक्रवारची गाडी ओमप्रकाशची होती. ओमप्रकाशचं गालात स्पेअर पार्ट्सचं दुकान. मूळचा नागपूरचा, त्यामुळे त्याची मराठी आणि हिंदी एकाच ताटात जेवायच्या. शारजाच्या एका लिलावात त्याने ती उचलली होती : एकोणसत्तरची पाँटियाक जीटीओ, नारिंगी, लांबलचक, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक.

"पहिले बॉनेट खोलतो ना साहेब. इंजिन पाहाल तर पागल होऊन जाल."

"त्यासाठीच ते शेवटी बघायचं," बाबा म्हणाले.

पण त्यांचा तळवा तोवर बॉनेटवर टेकलेला होता. ती त्यांची सवय होती. कुठलीही गाडी दिसली की आधी तिच्या बॉनेटवर हात, लेकराचा ताप बघावा तसा. लहानपणी पार्किंगमधून जाताना ते शेजाऱ्यांच्या गाड्यांनाही हात लावत चालत, आणि वर येऊन आईला सांगत, "नायर आत्ताच आलेत. बायको आली की तिला दुपारपासून घरी आहे म्हणून सांगतील."

मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि ते गाडीच्या अंगावरून फिरवलं. पत्रा असेल तिथे ते चिकटायचं, पुट्टी भरलेली असेल तिथे घसरायचं. बहुतेक ठिकाणी चिकटलं. ओमप्रकाशच्या चेहऱ्यावर उजेड पडला. नंतर बाबांनी चष्मा बदलून समोरच्या काचेला नाक लावलं. आत, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, गाडीच्या नंबराची एक बारकी पट्टी असते. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"सावनी, इकडे ये. नंबर वाच."

"दोन, चार, दोन..."

"पुरे. दोनशे बेचाळीस म्हणजे जीटीओ. याच अंगाची साधी गाडी असते, ले मान्स, तिचा दोनशे सदतीस. आता नंबर सोड. पट्टी ज्यांनी ठोकलीय, ते रिव्हेट बघ."

"गोल आहेत."

"कारखान्यातून फुलासारखे यायचे. सहा पाकळ्यांचे."

हे ऐकून ओमप्रकाशने चहाचा कप खाली ठेवला.

सावनी नको नको म्हणत असताना बाबा पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकले. छातीवर टाके घातलेला माणूस. मागच्या चाकाजवळ चॅसीवर गाडीचा नंबर ठोकलेला असतो, तो त्यांनी टॉर्च धरून, तारेच्या ब्रशने घासून वाचला. बाहेर आले तेव्हा केसांत गंज होता आणि चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा.

"पट्टी खरी आहे, ओमप्रकाश. गाडी दुसरी आहे."

"मतलब?"

"कुठेतरी एक खरी जीटीओ ठोकली गेली, भंगारात गेली. तिची पट्टी काढून हिला बसवली. खालचा नंबर पट्टीशी जुळत नाही. कंपनीनं साध्याच गाडीच्या पोटात दांडगं इंजिन घालून जीटीओ केली होती, त्यामुळे वरून दोघी बहिणी सारख्याच दिसतात. गाडी चांगली आहे. मजेत फिरवा. जीटीओ म्हणून विकू नका."

"झुबेरसाहेब घेणार होते," ओमप्रकाश कसाबसा म्हणाला. "त्यांनी म्हटलं आहे, मधुने हो म्हटलं तर मी पाहणार पण नाही."

"मग त्यांनाही हेच सांगेन."

ओमप्रकाशने स्वस्तिकावरचं कुंकू बोटाने हलकेच सारखं केलं. सावनीला त्याच्याकडे बघवेना.

*

परतीच्या वाटेवर ती भडकली. ती भडकली की आवाज चढत नसे, वाक्यं पूर्ण होत.

"जरा मऊ सांगता आलं असतं, बाबा. तो माणूस कुंकू लावून बसला होता."

"कुंकवानं नंबर जुळतात का?"

"तुम्हाला समोरचा माणूस दिसत नाही. रिव्हेट दिसतात."

"माणूसही दिसतो." मग, एसीची जाळी वळवावी इतक्या सहज, म्हणाले, "सलील दिसला होता."

सलील हा सावनीचा नवरा. होता. सोहार बंदरात नोकरी, स्वच्छ मराठी, कविता पाठ. नऊ वर्षं संसार झाल्यावर तिला कळलं की त्याचं पुण्यात आधीपासून एक बिऱ्हाड होतं, आणि दुसरं बिऱ्हाड ते आपलं. घटस्फोटाला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत बाबांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. तिला ते सौजन्य वाटत आलं होतं.

"कधी दिसला?"

"पहिल्याच दिवशी. घरी आला होता तेव्हा. डिसेंबर होता बघ. मी त्याला घ्यायला खाली गेलो. सोहारहून थेट आलोय म्हणाला, उशीर झाला, रस्त्यात फार ट्रक होते. दोनशे किलोमीटर." बाबांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "बॉनेट गार होतं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. सावनीने गाडी पुढे घेतली.

"एवढ्याशा गोष्टीसाठी जो खोटं बोलतो, त्याला खाली वाकून बघायला हवं. मी वाकलो नाही."

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "त्याच रात्री. बाबा, कसा वाटला, म्हणून. तुम्ही म्हणालात, चांगला आहे."

"तू वर खिडकीत उभी होतीस. मी खालून बघितलं ना तुला. इतकी हसत होतीस. ओमप्रकाशचं काय, गाडी परत करता येते. तुला काय सांगणार होतो मी? बॉनेट गार आहे म्हणून लग्न मोड, असं सांगायला हवं होतं का?"

प्रश्न विचारून ते तिच्याकडे बघत राहिले. एरवी उत्तर माहीत असलेले प्रश्नच विचारणारा माणूस. या खेपेला त्यांना खरोखर उत्तर हवं होतं, हे तिला बघताक्षणी कळलं. म्हणूनच तिने दिलं नाही. गाडी पार्किंगमध्ये लावली, किल्ली काढली आणि त्यांची वाट न बघता लिफ्टकडे चालू लागली.

संध्याकाळी आमटी-भात वाढला. "मीठ कमी आहे," बाबा म्हणाले. तिने मिठाची वाटी सरकवली. ताटं उचलली गेली, बातम्या लागल्या, बाबांनी गोळ्या घेतल्या. "उद्या मवालेहला सातला निघायचं ना?" त्यांनी आतून विचारलं. ती पुस्तक वाचत होती, म्हणजे पान धरून बसली होती. तिने ऐकलं नाही असं केलं.

*

शनिवारी सकाळी भाजी आणायला मवालेहच्या मार्केटला दोघांनी जायचं, हा नेम होता. बाबा भेंडीचं एकेक टोक मोडून बघत आणि भाजीवाले त्यांना लांबून येताना बघूनच हात जोडत. त्या शनिवारी ती एकटी गेली. त्यांना उठवलं नाही. झोपू दे, तब्येत आहे, असं स्वतःला समजावलं. पण खरं कारण तिला तेव्हाही ठाऊक होतं. तिला शिक्षा करायची होती, आणि हाताशी एवढीच होती.

भेंडी न मोडता घेतली. अर्धी जून निघाली, ती नंतर कुणीच शिजवली नाही.

ती बाजारात असताना ओमप्रकाश पुन्हा एकदा सांगून बघावं म्हणून घरी आला होता. बाबांनी दार उघडलं, बसा म्हणाले, आणि स्वतःच खाली बसले. ओमप्रकाशने त्यांना उचलून, लिफ्टची वाट न बघता, जिन्यावरून खाली आणलं. रुग्णालयात नेलं. सावनी पोचली तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसलेला होता, हातात बाबांच्या चपला. पुढचं सगळं त्यानेच निभावलं. पोलिसांचा कागद, वकिलातीचा कागद, अरबीतून भाषांतर, शववाहिका, भटजी. त्या दिवसांत सावनीने फक्त सह्या केल्या. ओमप्रकाशने एकदाही गाडीचं नाव काढलं नाही.

भेटायला लोक आले. बाबांचं मस्कत मोठं होतं. "आगाशेकाकांच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही," महाराष्ट्र मंडळाच्या शुभदाताई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

"चहा घेणार ना?" सावनी म्हणाली.

तिला हसू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती वारंवार स्वयंपाकघरात जात होती. गालाच्या प्रत्येक गॅरेजात खरं बोललेला माणूस. परक्याला, ओळखीच्याला, अरबाला, मल्याळ्याला. एकच खोटं जपून ठेवलं होतं, ते घरात वापरलं.

*

दिवसकार्य उरकल्यावर ओमप्रकाशचा फोन आला. बराच वेळ तो तब्येत विचारत राहिला, मग खोकला.

"ताई, झुबेरसाहेब या शुक्रवारी येऊन राहिले. त्यांना माहीत आहे साहेबांनी गाडी पाहिली म्हणून. काय म्हणाले ते तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे."

"ओमप्रकाशजी, बाबा काय म्हणाले ते तुम्ही..."

"ते म्हणालेच होते नं, गाडी चांगली आहे? मी माझ्या कानाने ऐकलं. तेवढंच सांगा. एक शब्द जास्तीचा नको. खोटं कुठे आहे त्यात?" आणि मग, खालच्या आवाजात, "मला पण कोणी ठगवलंच आहे, ताई. मी तर कुंकू लावून आणली होती."

सावनी 'बघते' म्हणाली. आठवडाभर ग्रंथालयात पुस्तकं चुकीच्या कपाटात लागत राहिली. हा माणूस तिच्या बापाला उचलून जिने उतरला होता. त्याला हवं होतं एक वाक्य, तेही बाबांचंच. आणि बाबांची अब्रू सांभाळायची तरी कशाला? त्यांनी सांभाळली होती तिची? चांगली आहे. चांगला आहे. बाबांना चाललं, तर तिला का चालू नये?

शुक्रवारी ती गालाला गेली तेव्हा ठरलं होतं : तेवढंच सांगायचं, आणि निघायचं.

झुबेर थकलेले गृहस्थ होते. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर नक्षीची कुम्मा टोपी, हातात काठी. तरुणपणी त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती म्हणे, मत्राच्या किनाऱ्याने जायची तेव्हा लोक दारात यायचे. त्यांनी आधी बाबांसाठी दुवा मागितली, मग ते नारिंगी गाडीभोवती एक फेरी मारून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. वाकून काही बघितलं नाही.

"बिन्ती," ते म्हणाले, पोरीला म्हणावं तसं, "तुम साथ में था. मधु क्या बोला?"

ओमप्रकाश चहाच्या ट्रेकडे बघत उभा होता.

"बोले... गाडी अच्छी है," सावनी म्हणाली.

झुबेरचा चेहरा उलगडला. इतका की त्यांचं वय उतरलं. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात गाडीच्या छतावर ठेवला, आपली म्हणून. "मेरे को पता था," ते म्हणाले. "देखने का ज़रूरत नहीं. मधु बोला, खलास."

सावनी त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो तिने पूर्वी पाहिलेला नव्हता, पाहणं शक्यही नव्हतं. त्या डिसेंबरात खिडकीत तो तिचाच होता. खालून तो बाबांनी पाहिला होता. हा असा दिसत होता तर. हे असं कुणी समोर हसत असताना पुढचं वाक्य तोंडातून काढायला काय लागतं, ते तिला आता कळत होतं. आणि कळूनही बाबांबद्दल तिला दया आली नाही. उलट राग नेमका झाला. अवघड होतं, पण वाक्य एवढंच होतं.

"पूरा नहीं बताया मैंने," ती म्हणाली. "बाबा बोले, गाडी अच्छी है, लेकिन वो जीटीओ नहीं है. पट्टी दूसरी गाडी की है. आप देख लीजिए."

तिने पर्समधून चष्म्याची पेटी काढली. बाबांचा जवळचा चष्मा. तो झुबेरना दिला आणि काचेतून पट्टी दाखवली, गोल रिव्हेट दाखवले, सहा पाकळ्यांचं सांगितलं. मग हात लांब करून मागच्या चाकाकडे बोट केलं. झुबेर काचेवर वाकून खूप वेळ बघत राहिले. सरळ झाले तेव्हा पुन्हा पहिल्याइतके म्हातारे होते. चष्मा त्यांनी घडी करून तिच्या हातात ठेवला.

"अल्ला मधु को जन्नत दे," एवढं म्हणून ते ओमप्रकाशकडे न बघता बाहेर गेले. त्यांच्या गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

गॅरेजात पंखा फिरत होता. ट्रेमध्ये तीन चहा.

"ओमप्रकाशजी, मला..."

"राहू द्या, ताई." तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो कप उचलून एकेक मोरीत ओतत होता. "बापावर गेल्या तुम्ही. चांगलंच आहे. पण त्या दिवशी साहेबांना उचललं नं मी, तेव्हा खाली वाकून नंबर नव्हता पाहिला कोणाचा."

सावनीने चष्मा पेटीत घातला आणि ती बाहेर पडली.

*

गाडी उन्हात तापली होती. सावनी आत बसली, एसी सुरू केला, पण निघाली नाही. रस्त्यापलीकडे टायरच्या दुकानासमोर कुणी कुणाला 'यल्ला, यल्ला' म्हणून घाई करत होतं. शेजारच्या सीटवर बाबांचा पट्टा तसाच, त्यांच्या पोटाला बेताचा, सैल करून ठेवलेला. पायाशी गंजाचे कण. तो पुठ्ठा झटकून ते याच सीटवर बसले होते, परीक्षेत पहिले आल्यासारखे. आणि इथूनच, घुब्राच्या सिग्नलच्या पुढे, त्यांनी विचारलं होतं.

ओमप्रकाशशी ती आत्ता जे वागली, ते तो आयुष्यभर विसरणार नव्हता. झुबेरचा हसरा चेहराही आता कायमचा तिच्याकडे राहणार होता. तिने दोन माणसं दुखावली होती आणि वडिलांचं नाव राखलं होतं, जे राखायची तिची इच्छाही नव्हती. यात समाधान कुठे असतं ते तिने खूप पुस्तकांत वाचलं होतं. इथे ते नव्हतं.

तिने रिकाम्या सीटकडे मान वळवली. त्या दिवशी वळवली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

मग पुन्हा, नीट, पूर्ण वाक्यात म्हणाली :

"हो बाबा. सांगायला हवं होतं. बॉनेट गार आहे, हे लग्न मोड, असंच सांगायला हवं होतं. मी ऐकलं नसतं. तुमच्याशी वर्षभर बोलले नसते. तरी सांगायला हवं होतं. सगळ्या मस्कतला सांगत होतात तुम्ही, आणि मी तर विचारलं होतं."